मे महिन्यातले हातमोजे

मे महिन्यात लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून लोकरीचे हातमोजे मागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. धम्मप्रियाला ते ठाऊक होतं, पण इलाज नव्हता. डांबर मऊ पडलं होतं, रसवंतीच्या घुंगरांनासुद्धा वाजायचा कंटाळा आला होता, आणि दुकानदार ओला पंचा मानेवर टाकून पंख्याखाली बसला होता.

"हातमोजे? लोकरीचे?" त्याने दोनदा विचारून खात्री केली. "ताई, तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. आहेत का?"

"हिवाळ्यातली एकच जोडी उरली होती. ती आत्ताच ह्या भाऊंनी घेतली." दुकानदाराने एकदा तिच्याकडे, एकदा शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "आज लातूरला झालंय तरी काय?"

शेजारचं गिऱ्हाईक म्हणजे एक उंच, सावळा तरुण. कपाळावर भस्माचे पट्टे होते, ते घामाने निम्मे पुसले गेले होते. हातात तपकिरी हातमोजे, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

"तुम्हाला कशाला लागतात?" तिने सरळच विचारलं.

"उणे तीसमध्ये जायचंय."

"म्हणजे... चेंबरवर? ट्रामच्या कारखान्यात?"

"हाव. सोमवारपासून. तुम्ही पण?"

"दाराच्या रबराचं काम माझ्याकडे आहे."

"आणि दाराच्या मोटारीचं माझ्याकडं. मृत्युंजय. उदगीरचा." त्याने हातमोज्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही कोणत्या हातानं काम करता?"

"डाव्या. का?"

"मी उजव्या. मग घोडं अडलं कुठं?" त्याने दोन मोज्यांना जोडणारा दोरा दातांनी तोडला आणि डावा मोजा तिच्यापुढे धरला. "हा तुमचा."

"आणि दुसऱ्या हाताचं काय?"

"खिसे दिलेत की कंपनीनं."

दुकानदार पंचा बाजूला ठेवून दोघांकडे बघत राहिला. एका जोडीची दोन गिऱ्हाइकं त्याने पहिल्यांदाच पाहिली असावीत. धम्मप्रियाने मोजा घेतला, आभार मानले, आणि गंजगोलाईला फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी भलत्याच रस्त्याने बाहेर पडली. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा ती बरीच लांब गेली होती.

कारखाना लातूरच्या एमआयडीसीत होता. तिथे ट्रामचे डबे बांधत होते, म्हणजे शहराच्या रस्त्यांतून विजेवर धावणारी छोटी रेल्वे. डबे जाणार होते जगाच्या पलीकडच्या टोकाला, उत्तरेकडच्या एका शहरात, जिथे वर्षातले पाच महिने बर्फ असतो. त्या शहराचं नाव कारखान्यात कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून वेल्डरांनी त्याचं बारसं करून टाकलं होतं – बर्फापूर. आता तर साहेबलोकही मीटिंगमध्ये बर्फापूरच म्हणायचे.

आणि चेंबर म्हणजे लोखंडी भिंतींची मोठी खोली. आत ट्रामचा एक तुकडा उभा केलेला, त्याला एकच दार. यंत्र चालू केलं की बाहेर लातूरचं ऊन आणि आत बर्फापूरचा हिवाळा. त्या थंडीत दार न कुरकुरता उघडतं-मिटतं का, एवढंच बघायचं. कंपनीने जाड जॅकेट दिली होती, पण तिने दिलेले मोजे इतके जाड की त्यात स्क्रू धरता येत नसे. म्हणून गंजगोलाईची ती वारी.

दार पास झालं, तर पहिल्या हिवाळ्यात गाड्या चालवून द्यायला दोन माणसं बर्फापूरला जाणार होती. एक रबराचं आणि एक मोटारीचं. धम्मप्रियाला जायचं होतं. ती इतकी हट्टाने म्हणत होती की कंधारला घरी शेजारणींनाही पाठ झालं होतं. तिचे वडील आनंदराज कंधार डेपोत एसटी चालवायचे. त्यांना ती त्या गावच्या गोष्टी सांगायची – रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून त्यांच्याखाली हीटर असतात, चाकं घसरू नयेत म्हणून गाडी स्वतःच रुळांवर वाळू टाकते, आणि तारेवर बर्फ साचू नये म्हणून रिकाम्याच गाड्या फिरवत ठेवतात.

"रिकामी गाडी फिरवतात?" आनंदराजांना तेवढंच खटकलं. "आमच्या डेपोत कुणी तसं केलं तर मॅनेजर पगार कापंल."

चेंबरमध्ये एका वेळी थोडाच वेळ थांबता यायचं. दोघं आत जात, कामं उरकत, आणि बाहेर येऊन उन्हात चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसत. घामाने भिजलेले बाकीचे कामगार त्यांच्याकडे बघून हसत. पहिल्या आठवड्यात 'मॅडम' होतं, दुसऱ्यात 'धम्मप्रिया मॅडम' झालं, आणि मग एक दिवस आत, दात वाजत असताना, त्याच्या तोंडून नुसतंच "धम्मप्रिया, पाना दे" निघालं. तिने पाना दिला. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

"तुझी मोटार लई घाईत असते," ती एकदा म्हणाली.

"तुझं रबर लई भाव खातं. तिनं किती जोर लावायचा?"

"रबराला मऊपणानं घ्यावं लागतं."

"ते समजून राहिलो हळूहळू," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. थंडीने झाले असं म्हणायची तिथे सोय होती.

ती जपून होती, हे खरं. तो उदगीरचा लिंगायत, बाजारपेठेतल्या तेलाच्या दुकानदाराचा मुलगा. गळ्यात लिंग. ती आंबेडकरी घरातली, दारावर पंचशील ध्वज. मैत्रीपर्यंत ठीक, पुढचा रस्ता कुठे कुठे खणलेला असतो हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पण चहा पिताना तो स्वतःचा उजवा मोजा काढून तिच्या उघड्या हाताजवळ ठेवायचा. ती तो घालायची.

एका दुपारी तो कपाच्या तळाशी बघत म्हणाला, "मला एक सांगायचंय तुला."

"सांग की."

"इथं न्हाई... तिकडं. बर्फापूरला पहिला बर्फ पडला की सांगतो."

"आणि नाही पडला तर?"

"पाच महिने पडतो, तूच म्हणालीस."

तिला कळलं काय सांगायचंय ते. कळलं नसतं तर ती इंजिनिअर कसली! पण तिने मान हलवली आणि चहा संपवला. त्या दिवशी तिला संध्याकाळपर्यंत उकाडा जाणवला नाही.

कारखान्याचे मोठे साहेब अमृतराव यांच्यासमोर चाचणीचा दिवस आला आणि दाराने हात टेकले. पहिल्यांदा नीट उघडलं, नीट मिटलं. मग थंडी पुरती मुरल्यावर मिटायला आलं, मध्येच थांबलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा मिटायला आलं, पुन्हा उघडलं. दाराला तशी शिकवणच होती – वाटेत कुणाचा हात किंवा पिशवी अडकली तर मागे सरायचं. पण इथे वाटेत कुणीच नव्हतं.

"बर्फापुरात असं झालं तर?" साहेब म्हणाले. "अख्खी गाडी थंडीत दार उघडं टाकून उभी राहील. माणसं गोठतील. रबर कडक पडतंय, मॅडम."

"नाही पडणार, सर. मी तपासलंय."

"मग दार लाजतंय का?"

चेंबर गरम करून तिने रबर बोटांनी दाबून पाहिलं. कुठे तडा नव्हता. ठणठणीत होतं. तरी दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांनी पुढच्या आठवड्यात शेवटची चाचणी ठेवली आणि जाता जाता सांगून टाकलं – रबराचा दोष निघाला तर बर्फापूरला रबराचं दुसरं माणूस जाईल. मृत्युंजय तिच्याशी काहीतरी बोलायला आला, पण तिला रडू फुटायच्या आत तिथून निघायचं होतं. तिने कंधारची गाडी पकडली.

घरी आल्या आल्या तिची आई महामायाने जॅकेटची पिशवी रिकामी केली. धुवायचं होतं. तिने जॅकेटची बाही नाकाजवळ नेली आणि थबकली.

"ह्याला खोबरेलाचा वास कसा गं?"

"कसला वास?"

"खोबरेल तेलाचा. तुला तर डोक्याला तेल लाव म्हटलं की जिवावर येतं. मग बाहीला कुणी लावलं?"

धम्मप्रियाने बाही हुंगली. खरंच होतं. ही बाही दिवसभर दाराच्या कडेला घासायची. तिची नजर फळीवरच्या निळ्या बाटलीवर गेली. आत्ता, मे महिन्यात, तेल पाण्यासारखं हलत होतं. आणि थंडीत... थंडीत आई हीच बाटली सकाळी उन्हात ठेवायची, कारण आतलं तेल पांढरं दगड व्हायचं. तेही कंधारच्या थंडीत. उणे तीसमध्ये काय होत असेल?

ती मटकन खाली बसली. मग हसायला लागली. महामायाला वाटलं पोरीला ऊन लागलं.

सोमवारी तिने मृत्युंजयला चेंबरच्या दारातच गाठलं.

"दाराला तेल लावलंस?"

"हाव," तो निरागसपणे म्हणाला. "थोडंसंच. खालच्या खाचेला आणि कडेला. किरकिर करून राहिलं होतं ना."

"कुठलं तेल?"

"घाण्याचं खोबरेल! एकदम शुद्ध. अप्पांच्या दुकानातलं. आमच्याकडं दार वाजलं की अप्पा पहिलं बोट तेलात बुडवतात... काय झालं?"

"उदगीरच्या शहाण्या, ते गोठतं!"

तो बघतच राहिला. तेलाच्या दुकानात जन्मलेला, तेलाच्या डब्यांवर बसून अभ्यास केलेला मुलगा. हिवाळ्यात गिऱ्हाइकाला तेल वितळवून देण्यात त्याचं बालपण गेलं होतं. पण मे महिन्याच्या त्या भट्टीत ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. मेणासारखं घट्ट झालेलं तेल दाराला हात अडकल्यासारखं वाटत होतं, आणि बिचारं दार मागे सरत होतं. चेंबर गरम केलं की तेल वितळून पुन्हा साळसूद.

"पण लावलंसच कशाला? मला विचारायचं तरी!"

"साहेबांसमोर तुझं दार कुरकुरायला नको म्हणून..." त्याचा आवाज बसला. "तुला जायचंय ना तिकडं. म्हणून."

तिला एकदम रागही आला आणि मायाही. तेवढ्यात तो वळला होता. ती मागे धावली, पण तो साहेबांच्या खोलीत शिरला होता, आणि दार लावून घ्यायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"सर, रबर बरोबर हाय. चूक माझी हाय."

अमृतराव साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ओठांच्या कडेला हसू आलं होतं, ते त्यांनी चष्मा पुसता पुसता गिळलं. "करायला गेलास गणपती आणि झाला मारुती. पण मृत्युंजय, चाचणीच्या वस्तूला न सांगता हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. तो मोडणाऱ्याला मी तिकडे पाठवू शकत नाही."

"हाव, सर."

"मॅडमचं नाव राहील."

तो बाहेर आला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. "मी तुला जा म्हटलं होतं आत?" ती कडाडली. "दोघं मिळून काहीतरी मार्ग काढला असता."

"काय मार्ग? तुझ्या माथी दोष आणि मी मूग गिळून बसू?" तो म्हणाला. "तू जाऊन ये. मी थांब म्हणणार न्हाई."

"म्हणालास तरी मी थांबणार नाही."

"माहिती हाय. म्हणून तर..." आणि वाक्य तिथेच सोडून तो गेला.

त्यानंतर तो तिला टाळू लागला. चहाला दुसरीकडे बसायचा. मोटारीचं सोडून काही बोलायचा नाही. ती समजून होती. बर्फापूर गेलं, म्हणजे पहिला बर्फ गेला, म्हणजे सांगायचं ते राहून गेलं. जाणाऱ्या माणसाच्या पायात कशाला अडकावं, असा त्याचा हिशेब. चांगली माणसं असल्याच वेडगळ हिशेबात आयुष्य घालवतात. धम्मप्रियाला मात्र ते पटणारं नव्हतं. तिला जायचं होतं, आणि तिला तो हवाही होता. दोन्हींतलं एक निवडा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

दाराची खाच धुऊनपुसून शेवटची चाचणी झाली. दार शहाण्यासारखं उघडलं आणि मिटलं, दिवसभर. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, वेल्डरांनी पेढे मागितले. सगळे पांगले. जून लागला होता, आभाळ नुसतं भरून यायचं आणि हवा अंगाला चिकटायची. धम्मप्रियाने यंत्र बंद करायच्या आधी त्याला हाक मारली.

"आत ये जरा."

"काही बिघडलं का?"

"ये तर."

तो आला. आत अजून कडाक्याची थंडी होती. तिच्या डाव्या हातात मोजा, त्याच्या उजव्या. तिने चेंबरचं बाहेरचं दार सताड उघडलं. बाहेरची ती ओली, चिकट हवा धाडकन आत शिरली, खोली धुक्याने भरली, आणि मग छताजवळून पांढरे बारीक कण हळूहळू खाली यायला लागले. त्याच्या केसांवर, तिच्या बाहीवर, ट्रामच्या पायरीवर. कारखान्याचं वीजबिल वाढत होतं, पण त्याला इलाज नव्हता.

"बर्फ पडला," ती म्हणाली. "बोल."

त्याने वर पाहिलं. "हा... हा बर्फ न्हाई. बाष्प हाय, गोठलेलं."

"बर्फ दुसरं काय असतं? साहेबांना बोलवू विचारायला?"

"नको, नको!" तो घाईघाईने म्हणाला. पापण्यांवर कण साचल्यावर मुद्द्याचं बोलला. "तू मला आवडतेस. लई. त्या दुकानात दोरा तोडला ना... तेव्हापासनं."

"आणि?"

"आणि मी अप्पांना सांगितलंय."

"मला सांगायच्या आधी?"

"तुला सांगायला बर्फ पाहिजे होता. त्यांना सांगायला नुसता धीर."

तिने बाहीवरचे कण झटकले. "काय म्हणाले?"

"तुझं नाव, गाव, घर, सगळं सांगितलं. काही लपवलं न्हाई. अप्पा काही दिवस बोललेच न्हाईत. गिऱ्हाइकाशी पण खुणेनं. मग एका सकाळी विचारलं, पोरीनं तुझी तेलाची चूक कशी पकडली म्हणून. म्हटलं, वासावरनं. तर म्हणाले, तिला दुकानात बसवायला हरकत न्हाई." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "आई, आमची अव्वा, मात्र अजून रुसून हाय. ती लवकर मानंल असं मी सांगत न्हाई. खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलला नाही, याचंच तिला बरं वाटलं. ती ट्रामच्या पायरीवर चढली. मागे दार मिटायला लागलं, तसा तिने मधे हात धरला. दार थबकलं आणि आज्ञाधारकपणे मागे सरलं.

"माझं उत्तर आत्ता नाही," ती म्हणाली. "तू खऱ्या बर्फाची वाट बघायला लावत होतास ना मला? आता तू बघ. तिकडे पहिला बर्फ पडला की सांगीन. तोवर मला घरीही बोलायचंय."

"म्हणजे दिवाळीपर्यंत?"

"त्याच्याही पुढे जाईल कदाचित."

"धम्मप्रिया, मी गोठून जाईन."

"मग ऊन खा. तेलासारखा," ती म्हणाली आणि हसत बाहेर पळाली.

दिवाळीच्या आधीच ती गेली. नांदेड स्टेशनवर निरोपाला आई-बाबा होते आणि थोडं लांब, पाण्याच्या नळाजवळ, तोही होता. गाडी हलताना त्याने आपला उजवा मोजा वर धरला – घेतेस का? तिने नकारार्थी मान हलवली. आनंदराजांनी ते पाहिलं. लेकीने त्यांना आदल्याच रात्री सगळं सांगितलं होतं. ते सावकाश नळापर्यंत गेले, आणि महामायाला लांबून एवढंच दिसलं की त्यांनी त्या पोराला चहाला चल म्हणून खूण केली.

बर्फापूरला ऑक्टोबर कोरडा गेला. नोव्हेंबरही नुसता गारठ्याचा. रोज सकाळी ती खिडकीचा पडदा सारायची, आणि रोज लातूरहून एकच प्रश्न यायचा – "पडला का?" तिचंही एकच उत्तर असायचं – "न्हाई."

मग एका सकाळी पडदा सारला आणि रस्ता दिसलाच नाही. सगळं पांढरं. ती जॅकेट चढवून धावतच थांब्यावर गेली. लांबून ट्राम आली, समोरच्या दिव्यात कण भिरभिरत होते, चाकांखाली वाळूचा बारीक आवाज येत होता. गाडी थांबली. दार उघडलं. माणसं चढली. कुरकूर न करता दार मिटलं, आणि गाडी गेली. लातूरचं दार होतं ते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गालावर येईतो गार झालं.

तिने फोन लावला. इकडे सकाळ, तर तिकडे उदगीरला दिवेलागण झाली होती. रविवार होता, त्यामुळे तो दुकानात होता. मागे तेलाचे डबे, आणि त्यांच्या मागे, आपलं लक्षच नाही असं दाखवत बसलेले त्याचे अप्पा, महादेवप्पा.

तिने फोन फिरवला. रस्ता दाखवला, रूळ दाखवले, आभाळ दाखवलं. मग स्वतःकडे वळवला. डाव्या हातात तपकिरी मोजा, उजवा हात खिशात.

तिकडे तो उभाच राहिला. "पडला..."

"पडला."

"मग?"

महादेवप्पांनी मापाचा डबा खाली ठेवला.

"हाव," ती म्हणाली.

त्याने बाहीने डोळे पुसले, गिऱ्हाईक समोर उभं असताना.

"ऐक," ती म्हणाली, "तो दुसरा मोजा जपून ठेव. चैत्रात येते मी. तोवर ह्या हाताची सोय खिशातच."

"जपलाय की," त्याने गल्ल्याशेजारून मोजा उचलून दाखवला. "अव्वानंच ठेवलाय इथं. काल उसवला होता... तिनं शिवला."